आस्ताने ओळखलेली कवळी

स्कालहाउन बंदरात चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडात वरचे दात स्वतःचे असले, तर तो एक तर शाळामास्तर असायचा नाहीतर परगावचा. बाकी सगळ्यांच्या तोंडात आस्ता होल्मगोरच्या हातचे दात. दंतवैद्य दर मंगळवारी मोठ्या गावाहून यायचा, दुखरे दात उपटायचा, त्यांच्या शेजारचे न दुखणारेही उपटायचा, आणि जाताना म्हणायचा, "पुढचं आस्ता बघेल." कोळ्यांना ते सोयीचं वाटे. उत्तर समुद्रात आठ-आठ दिवस बोटीवर असताना दाढ ठणकली तर सांगायचं कुणाला? त्यापेक्षा एकदाच काय ते काढून टाकलेलं बरं.

आस्ताचं कामाचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, कॉफीचा थर्मास आणि खिडकीत जिरेनियम. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि दात बसवायचं लोखंडी यंत्र. प्रत्येक नवीन कवळीबरोबर ती तेच भाषण करायची, आणि ते गावातल्या पोरांनाही पाठ होतं. "टूथपेस्ट लावायची नाही, ओरखडे पडतात. साधा साबण आणि मऊ ब्रश. धुताना खाली पाण्याचा टब ठेवायचा, हातातून निसटली तर फरशीवर दोन तुकडे होतील. उकळत्या पाण्यात टाकाल तर वाकडी होईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. झोपताना काढून पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही सुट्टी लागते."

१९७९ च्या नोव्हेंबरात 'मारिया' नावाची बोट तीन माणसांसकट गेली. वादळ सुरू झालं तेव्हा ती बंदरापासून दोन तासांवर होती. शेवटचा आवाज रेडिओवर आला तो तांडेल आंटनचा, आणि त्यात काही विशेष नव्हतं. कॉफी तापत ठेवा, एवढंच तो म्हणाला. नंतर काही नाही. आंटनबरोबर दोघे होते. छत्तीस वर्षांचा लाउस्ट, बायको कीर्स्टिन आणि दोन लहान मुलं घरी. आणि चोवीस वर्षांचा एर्लिंग, विधवा डोर्टेआचा एकुलता एक.

दोघांच्याही वरच्या कवळ्या आस्ताने केल्या होत्या, एकाच हिवाळ्यात, एकाच पेटीतल्या दातांतून. एर्लिंगला दातांचा रंग निवडायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "सगळ्यांत पांढरा दे, शनिवारी नाचायला जायचंय." आस्ताने त्याला समजावलं होतं की इतके पांढरे दात तोंडात घातले तर माणूस हसताना चिनी मातीची बशी दिसतो. शेवटी त्याने लाउस्टचाच रंग घेतला. लाउस्टचं म्हणणं निराळंच होतं. त्याचा डावीकडचा पुढचा दुसरा दात जन्मापासून शेजाऱ्यावर चढलेला, आणि कवळीतही त्याला तो तसाच हवा होता. "सगळे सरळ घालून घरी गेलो तर कीर्स्टिन दारच उघडायची नाही. म्हणेल, हा विम्याचा एजंट कुठून आला?" आस्ता हसली होती आणि तिने तो दात मेणात तिरका बसवला होता.

एर्लिंगला कवळी मिळाली तशी एक खोड लागली. जिभेने ती टाळूवरून सोडायची आणि पुन्हा चिकटवायची. टक. टक. धक्क्यावरची पोरं त्याच्यामागे फिरायची, "एर्लिंग, वाजव ना!" म्हणून.

एप्रिलमध्ये उत्तरेला तीस किलोमीटरवर किनाऱ्याला एक प्रेत लागलं. पाच महिने पाण्यात राहिलेलं. चेहरा नव्हता, हातांवर काही नव्हतं, अंगावर जर्सीचा गळा तेवढा उरला होता. पोलीस होल्गर एका सकाळी आस्ताच्या दारात आला, हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. होल्गर तिच्या वर्गातला. लहानपणी तिने त्याच्या पाठीत बर्फाचे गोळे घातले होते.

"आस्ता, हे तुझंच काम आहे ना?"

तिने कागद उघडला. वरची कवळी होती. गुलाबी रंग उडून राखेसारखा झालेला, कडेला समुद्री किड्यांची पांढरी वेटोळी, दातांच्या फटींतून बारीक वाळू. पण दात तिच्याच पेटीतले होते, आणि मागच्या कडेची गोलाई तिच्याच हाताची.

"माझंच."

"आंटन मूळचा परगावचा, त्याचे दात स्वतःचे होते. म्हणजे एक तर लाउस्ट, नाहीतर एर्लिंग. उंचीत दोघं सारखेच. डॉक्टर म्हणतात, हाडांवरून एवढा फरक सांगता येत नाही." होल्गरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्याकडे साचे असतील ना त्यांचे? लावून बघता येईल."

साचे नव्हते. मागच्या वसंतात आस्ताच्या नवऱ्याने, विगोने, माळा आवरायला काढला होता, आणि दहा वर्षांचे प्लास्टरचे जबडे बागेतल्या वाटेत भरावासाठी ओतून वर फरशा घातल्या होत्या. आस्तानेच त्याला परवानगी दिली होती.

तिने कवळी नळाखाली धरली, मऊ ब्रशने वाळू काढली. डावीकडचा पुढचा दुसरा दात नव्हता. मोडून पडला होता, आणि त्याच्या जागी नुसता खळगा होता. ती खळग्याकडे बघत राहिली. तिरका आहे का? थोडा तिरका वाटतो. अंगठा आतल्या बाजूने फिरला तेव्हा टाळूच्या मधोमध एक लांबट खाच लागली. हाताने ती ओळखली, डोक्याने नाही. कारण त्याच वेळी पुढच्या खोलीतल्या खुर्चीचा करकर आवाज झाला.

"कोण आहे बाहेर?"

होल्गरने मान खाली घातली. "कीर्स्टिन. गाडीत बसून राहा म्हटलं होतं मी तिला. ऐकेना."

आस्ताने दाराच्या फटीतून पाहिलं. कीर्स्टिन ओव्हरकोटाची बटणं लावून ताठ बसली होती. तिच्या मांडीवर धाकटी, सव्वा वर्षाची, ओव्हरकोटाचं बटण चोखत होती. पाच महिन्यांत त्या बाईने केस विंचरले होते की नाही कोण जाणे.

"लाउस्टची आहे," आस्ता म्हणाली.

"नक्की?"

"हा बघ खळगा. तिरका आहे. इथं तो चढलेला दात होता."

होल्गरने बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि वहीत लिहिलं. कीर्स्टिन आत आली, आस्ताच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावर तोंड दाबून रडली. मग डोळे पुसत, जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "बघ कसा. एरवी वारा सुटला की पहिल्यांदा कवळी काढून खिशात टाकायचा. म्हणायचा, ओकताना समुद्राला दान नको. त्या दिवशी बरी तोंडात ठेवलीन."

आस्ताच्या हातातला ब्रश ओलाच होता. तिने तो फडक्याला पुसला.

मे महिन्यात लाउस्टचं दफन झालं. चर्चमध्ये माणूस मावत नव्हता. डोर्टेआही आली होती, काळा कोट घालून, मागच्या बाकावर. बाहेर पडताना तिने कीर्स्टिनचा हात हातात घेतला. "तुला मिळाला गं," एवढंच म्हणाली.

सप्टेंबरात डोर्टेआ आस्ताकडे आली. तिची कवळी सैल झाली होती. दुःखात माणसाचं तोंडही उतरतं, हिरड्या आटतात. आस्ताने तिला खुर्चीत बसवलं, कवळी काढून घेतली आणि टाळू तपासायला बोट आत घातलं. टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा लागला. लांबट, कठीण, बदामाएवढा.

डोर्टेआ बोट बाहेर येताच म्हणाली, "तो खडा आमच्या घरचाच. माझ्या बापाला होता, मला आहे, एर्लिंगला होता. त्याला कवळी तिथंच घासायची, आठवतं? तूच खाच पाडून दिली होतीस. घरी येऊन म्हणाला, आई, आस्ताने माझ्या तोंडात आपल्या खड्यासाठी पाळणा केलाय."

आस्ता उठली, मागच्या खोलीत गेली. नळ सोडून हात धूत राहिली. पाणी गार होतं, तरी धूत राहिली.

"काय झालं गं?" डोर्टेआने बाहेरून विचारलं.

"काही नाही. प्लास्टर शोधतेय."

त्यानंतर आस्ताला एकच आशा उरली. असा उंचवटा पुष्कळांच्या टाळूला असतो. लाउस्टलाही असेल. खाच त्याच्याही कवळीत पाडली असेल, आपण विसरलो असू. ऑक्टोबरातल्या एका रविवारी विगो भावाकडे गेला, तेव्हा तिने पहार घेतली आणि बागेतल्या वाटेच्या फरशा उचलल्या. खाली ओल्या मातीत जबडेच जबडे होते. कुणाचे अर्धे, कुणाचे चुरा झालेले, कुणाचे इतके शाबूत की आत्ता बोलतील. प्रत्येकाच्या तळाला तिने खिळ्याने कोरलेला आकडा. गावातली निम्मी माणसं त्या वाटेत होती, जिवंत आणि मेलेली, आणि दीड वर्ष ती रोज त्यांच्यावरून कपडे वाळत घालायला जात होती. गुडघ्यांवर बसून तिने दुपारपर्यंत आकडे वाचले. लाउस्टचा आकडा दोनशे बारा, तो सापडला दोन तुकड्यांत. तिने स्कर्टला माती पुसली आणि टाळू बघितला.

तो गुळगुळीत होता. तळहातासारखा.

विगो परतला तेव्हा ती फरशा जागेवर बसवत होती. "काय चाललंय काय?"

"नळ गळत होता. मला वाटलं खालून पाणी जातंय."

"मग सापडलं?"

"सापडलं," आस्ता म्हणाली.

त्या दिवसापासून ती वाट तिने सोडली. कपडे वाळत घालायला गवतातून वळसा घालून जाऊ लागली. विगो म्हणायचा, "फरशा कशाला घातल्या मग मी?" ती टोपली उचलून गवतात शिरायची.

होल्गरला सांगायचं तिने तीनदा ठरवलं. एकदा तर ठाण्याच्या पायरीपर्यंत गेली. पण वाटेत कबरस्तान लागायचं, आणि तिथं कीर्स्टिन असायची. तिने लाउस्टच्या जागेला बुटकं कुंपण लावलं होतं, आतल्या बारीक खडीवर दर शनिवारी दाताळ्याने लाटांसारख्या रेघा ओढायची, थंडी पडली की वर फरच्या झाडाच्या हिरव्या फांद्या अंथरायची. मोठा मुलगा शाळेतून येताना दप्तर तिथंच टाकून दगडाला दिवसभराचं सांगत बसायचा. त्यांना जाऊन काय सांगायचं? हा तुमचा नव्हे?

कामाच्या खोलीत मग आवाज येऊ लागला. प्लास्टर आळताना तापतं, सुकताना कधी तडकतं, यंत्राचे लोखंडी जबडे थंडीत आखडतात. आस्ताला हे सगळं ठाऊक होतं, वीस वर्षांचा सराव होता. तरी भरदुपारी, रेडिओ चालू असताना, पाठीमागे टक व्हायचं. मग थांबून पुन्हा टक. ती वळायची नाही. मान खाली घालून मेण कोरत राहायची आणि म्हणायची, "पुरे रे." एकदा एक गिऱ्हाईक पुढच्या खोलीत होतं, त्याने विचारलं, "मला म्हणालीस?"

तिने एक नवीन शिस्त लावली. प्रत्येक कवळीच्या आत, गुलाबी थराखाली, बारीक कागदावर नाव घालायचं. लोक चेष्टा करायचे, "काय गं, शाळेचा डबा आहे का, हरवेल म्हणून?" कीर्स्टिन चेष्टा करायची नाही. स्वतःची वरची कवळी करायला आली तेव्हा म्हणाली, "आधी हे केलं असतंस तर त्या दिवशी तुला एवढं बघत बसावं लागलं नसतं." तिने हे मायेने म्हटलं होतं. तोंड उघडं ठेवून ती निर्धास्त बसली होती, आणि आस्ता तिच्या ओठांआड बोट घालून टाळू चाचपत होती.

डोर्टेआ रोज सकाळी किनाऱ्यावर जायची. हातात कापडी पिशवी. समुद्राने टाकलेलं बघत बघत दक्षिणेकडच्या बांधापर्यंत जायची आणि परत यायची. पिशवीतून एखादा रबरी बूट निघायचा, एखादा हातमोजा, जाळ्याचा बुचाचा तुकडा. गावाने सुरुवातीला हळहळ केली, मग सवय करून घेतली. अशी अकरा वर्षं गेली.

१९९१ च्या मार्चमध्ये, सकाळी दहाच्या सुमारास, ती आस्ताच्या दारात आली. बुटांना वाळू, गाल वाऱ्याने लाल. पिशवीतून तिने रुमाल काढला, रुमालातून एक कवळी.

"आज सापडली. बांधाजवळ." तिचा श्वास लागला होता. "बघ."

आस्ताने चष्मा लावला. तिचं काम नव्हतं. दात चिनी मातीचे, जुन्या पद्धतीचे, बहुधा कुठल्या परक्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने रेलिंगवरून ओकताना गमावलेली. "नाही गं डोर्टेआ. ही आपल्याकडची नाही."

"नीट बघ."

"बघितली."

"उजेडात बघ. एवढ्या पटकन कशी सांगतेस?" डोर्टेआने तिचं मनगट धरलं. चौऱ्याहत्तरीची बाई, पण पकड जाळी ओढणाऱ्याची होती. "लाउस्टची जशी बघितलीस तशी बघ. तिच्यासाठी बघितलीस ना? मग माझ्यासाठीही बघ."

आस्ताने कवळी टेबलावर ठेवली. चष्मा काढला. "बस," ती म्हणाली.

"मला बसायचं नाही."

"बस डोर्टेआ. त्या वेळची कवळी लाउस्टची नव्हती."

मग तिने सगळं सांगितलं. खळगा, खाच, बाहेर बसलेली कीर्स्टिन, वाटेखालचा साचा. क्षमा मागितली नाही. ती कशी मागायची तेच तिला कळेना. थर्मासमधली कॉफी तिने दोन कपांत ओतली होती, ती तशीच गार झाली.

डोर्टेआने समोरच्या जिरेनियमचं एक वाळकं पान खुडलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू त्या सप्टेंबरात आलीस तेव्हापासून."

"अकरा वर्षं." डोर्टेआने मान हलवली. "अकरा वर्षं मी मेलेल्या माशांचे ढीग काठीने उपसले. आणि तू मला खिडकीतून हात करायचीस." तिने तोंडात दोन बोटं घातली, वरची कवळी काढली, आणि त्या परक्या कवळीशेजारी ठेवली. तिचे गाल आत गेले, ओठ मिटले, आणि एका क्षणात ती शंभर वर्षांची दिसू लागली. "ही तुझी," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "तुझा हात आता माझ्या तोंडात नको."

ती गेली. तो आठवडा आस्ताने पोलिसांच्या गाडीची वाट बघण्यात काढला. गाडी आली नाही. शनिवारी तिने खिडकीतून डोर्टेआला कबरस्तानाकडे जाताना पाहिलं. आस्ताने अंगावर कोट घेतला आणि मागोमाग निघाली. 

कीर्स्टिन खडीवर रेघा ओढत होती. डोर्टेआ कुंपणाशी उभी राहिली. दगडावरचं नाव वाचलं. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचे मिटलेले ओठ हलत होते.

"डोर्टेआ! अगं, दात कुठं गेले तुझे?" कीर्स्टिनने विचारलं.

"टोचत होते." डोर्टेआने हात पुढे केला. "दाताळं दे जरा."

कीर्स्टिनने आश्चर्याने दिलं. म्हातारी कुंपण ओलांडून आत गेली, वाकली, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश रेघ ओढली. मग दुसरी. तिसरीला तिचा हात थांबला आणि ती तशीच वाकून राहिली. कीर्स्टिनने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एर्लिंगची आठवण येते ना?"

"छान ठेवलंयस तू," डोर्टेआ म्हणाली. "स्वच्छ ठेवलंयस. मी अधूनमधून आले तर चालेल?"

"असं काय विचारतेस! दोघं एकाच बोटीवरचे. तुझं नाही तर कुणाचं?"

फाटकाशी आस्ता उभी होती. डोर्टेआ तिच्याजवळून जाताना थांबली, तिच्याकडे न बघता बोलली. "त्या मुलांनी या दगडाला बाप म्हटलंय. त्यांना मी आता कुठं धाडू, पाण्यात? मी गेले तिथं? ते थंड असतं आस्ता. तू गप्प राहायचंस. इतके दिवस स्वतःसाठी राहिलीस, आता माझ्यासाठी राहा." दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि माझ्याशी बोलायचं नाही."

डोर्टेआने शब्द पाळला. किनाऱ्यावर जाणं तिने त्या दिवसापासून सोडलं. दर शनिवारी कबरस्तानात मात्र असायची. आस्ताने तिच्या जुन्या साच्यावरून नवी कवळी केली, हलकी, टाळूला न घासणारी, आणि बेकरीवालीच्या हाती पाठवली. ती न उघडता परत आली. डोर्टेआ राय धान्याचा काळा पाव ताकात भिजवून खायची, मासा काट्याने कुस्करून. हिरड्या घट्ट झाल्यात, म्हणायची, कशाला हवेत दात? सहा वर्षांनी ती गेली. पाद्रीबाईंकडे चिठ्ठी ठेवली होती, लाउस्टशेजारची मोकळी जागा मला द्या, कीर्स्टिनची हरकत नसेल तर. कीर्स्टिनची हरकत नव्हती.

आस्ता आता सत्तरीच्या पुढे आहे. विगो गेला, कामाचं घर विकलं. नव्या माणसाने तिथं सायकलींचं दुकान काढलंय. गावातल्या तरुणांना स्वतःचे दात आहेत, शाळेत नर्स येऊन ब्रश कसा धरायचा ते दाखवते, आणि म्हाताऱ्यांच्या जबड्यात हल्ली स्क्रूने पक्के दात बसवतात. टक आवाज कामाचं घर विकल्यावर थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबला नाही. स्वयंपाकघरात बटाटे सोलताना येतो. तिने आता त्याला पुरे म्हणणंही सोडलंय. सोलायची थांबते, ऐकते, आणि पुन्हा सोलू लागते.

परवा शनिवारी कीर्स्टिनने तिला कबरस्तानाच्या फाटकातून हाक मारली. कीर्स्टिनची पाठ आता सरळ होत नाही. दोन्ही जागांवर तीच रेघा ओढते, एका रेघेत, मधलं कुंपण काढून टाकलंय तिने.

"एक विचारू?" कीर्स्टिन म्हणाली. "म्हातारीचं नि तुझं बिनसलं कशावरून होतं? शेवटपर्यंत बोलली नाही तुझ्याशी."

"कवळी नीट बसली नव्हती," आस्ता म्हणाली.

"तेवढ्यावरून?"

"माझीच चूक होती."

कीर्स्टिनने डोकं हलवलं, या वयाच्या बायकांचं काही खरं नाही अशा अर्थाने, आणि झारी तिच्या हातात दिली. "जा, भरून आण. माझ्याच्याने उचलवत नाही." आस्ता नळाशी गेली, झारी भरली, आणि दोन्ही हातांनी धरून, पाणी न सांडता, सावकाश परत आली.